उद्घाटनानंतरचे काम : प्रकल्पाची रीतसर समाप्ती

कोणत्याही संस्थेची स्मरणिका उघडून पाहावी. भूमिपूजनाचे छायाचित्र असते, पहिला स्लॅब पडल्याचे असते, फीत कापतानाचे तर हमखास असते. परंतु ठेकेदाराचे अंतिम देयक चुकते केल्याचे, किल्ल्यांचा जुडगा मोजून ताब्यात दिल्याचे किंवा बांधकाम समिती विसर्जित केल्याचे छायाचित्र आम्ही आजवर एकाही स्मरणिकेत पाहिलेले नाही. आपल्याकडे कामाचा आरंभ समारंभाने होतो आणि शेवटही समारंभानेच झाला असे मानले जाते. समारंभानंतर मांडव उतरतो, माणसे पांगतात आणि काम मात्र अर्धवट उघडेच राहते.

प्रकल्प सुरू कसा करावा, निधी कसा जमवावा यावर पुष्कळ बोलले जाते. प्रकल्प बंद कसा करावा यावर मात्र फारसे कोणी बोलत नाही. प्रस्तुत लेखात त्याचाच विचार करावयाचा आहे. आमच्यापैकी काहीजण बांधकामाच्या नोकरीत होते, काही हिशेबाच्या कामात, तर काही नुसतेच हौसेने समितीवर आलेले. पुढे जे लिहिले आहे ते थोडे ग्रंथांतून आणि बरेचसे आमच्याच चुकांतून आलेले आहे.

१. समाप्ती हे स्वतंत्र काम आहे

प्रकल्प आणि नित्याचे काम यांतील भेद प्रथम लक्षात घेऊ. वाचनालय चालविणे हे नित्याचे काम होय. ते रोज चालते व चालत राहावे अशीच अपेक्षा असते. वाचनालयाची इमारत बांधणे हा प्रकल्प होय. त्याला सुरुवात असते, ठरलेला खर्च असतो, ठरलेली मुदत असते आणि शेवट असतो. ज्या कामाला शेवटच नाही त्याला प्रकल्प म्हणता येत नाही. म्हणजेच समाप्ती ही प्रकल्पाच्या व्याख्येतच अंतर्भूत आहे.

प्रकल्प व्यवस्थापनाच्या शास्त्रात ही गोष्ट स्पष्टपणे मानलेली आहे. अमेरिकेत १९६९ साली प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट ही संस्था स्थापन झाली. तिने १९९६ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक ग्रंथात प्रकल्पाच्या कामांचे पाच गट केले : आरंभ, नियोजन, अंमलबजावणी, नियंत्रण आणि समाप्ती. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये प्रिन्स-टू ही पद्धती पुढे आली. तिच्यातही प्रकल्प बंद करणे ही एक स्वतंत्र प्रक्रिया मानलेली आहे. दोन्हींचा मथितार्थ एकच. काम आपोआप संपत नाही, ते संपवावे लागते.

संपविणे म्हणजे नेमके काय, याची आमची व्याख्या साधी आहे. प्रकल्प चालू असताना अनेक जबाबदाऱ्या निर्माण होतात. कोणाचे पैसे देणे असते, कोणाला दुरुस्ती करून देणे असते, कोणाकडे किल्ली असते, कोणाला हिशेब द्यावयाचा असतो. यांतील प्रत्येक जबाबदारी एक तर पुरी फिटली पाहिजे किंवा लेखी स्वरूपात नव्या धन्याच्या हाती गेली पाहिजे. एकही जबाबदारी बेवारस राहता कामा नये. एवढे झाले की प्रकल्प संपला. त्यापूर्वी नाही, मग फीत कोणीही कापलेली असो.

२. आमच्या हातून झालेली चूक

आता आमचा स्वतःचा अनुभव सांगणे अगत्याचे आहे. एका संस्थेच्या बांधकाम समितीत आम्ही सातजण होतो. तळमजल्यावर सभागृह आणि वर विद्यार्थ्यांसाठी अभ्यासिका अशी इमारत बांधावयाची होती. लोकांनी दिलेल्या पन्नास-शंभर रुपयांपासूनच्या वर्गणीवर ती उभी राहिली. डिसेंबर २०११ मध्ये थाटात उद्घाटन झाले. आम्हा सातजणांना शाल-श्रीफळ मिळाले आणि आम्ही घरी गेलो. समितीची पुन्हा बैठक झाली नाही. ती विसर्जित करण्याचा ठरावही कोणी मांडला नाही.

जून २०१२ च्या पहिल्याच मोठ्या पावसात अभ्यासिकेच्या छतातून पाणी गळू लागले. ठेकेदाराकडे गेलो. करारात दोषदायित्वाची मुदत, म्हणजे ठेकेदाराने स्वखर्चाने दोष दूर करून देण्याची मुदत, काम पूर्ण झाल्यापासून बारा महिने होती. ठेकेदार म्हणाला, "गच्चीचे काम गेल्या मे महिन्यात पुरे झाले. बारा महिने संपले." आम्ही म्हणालो, काम डिसेंबरात पुरे झाले. दोघांनाही आपलेच खरे वाटत होते, कारण काम पूर्ण झाल्याची तारीख कोठेच लिहिलेली नव्हती. त्याची सुरक्षा ठेव तरी आमच्या हाती असावयास हवी होती. ती आम्ही उद्घाटनाच्या आठवड्यात सद्भावनेने परत करून मोकळे झालो होतो. गच्चीची दुरुस्ती पुन्हा वर्गणी काढून करावी लागली.

त्याच सुमारास तळमजल्याची सांडपाण्याची वाहिनी तुंबली. मूळ नकाशात ती जेथे दाखविली होती तेथे ती नव्हती, कारण काम चालू असताना मिस्त्रीने मध्ये खडक लागला म्हणून तिची दिशा बदलली होती. मिस्त्री केव्हाच दुसऱ्या गावी कामाला गेला होता. प्लंबरने तीन ठिकाणी फरशी फोडली, तेव्हा वाहिनी सापडली.

पण गळके छत आणि फुटकी फरशी ही खरी हानी नव्हती. समितीचे खजिनदार हे एक सेवानिवृत्त शिक्षक होते. सगळे त्यांना गुरुजी म्हणत. प्रत्येक पावती, प्रत्येक व्हाउचर त्यांनी एका पत्र्याच्या पेटीत तारखेवार लावून ठेवले होते. मात्र उद्घाटनानंतर बैठकच झाली नाही, त्यामुळे तो हिशेब कोणापुढे ठेवायचा हेच ठरले नाही. गच्चीसाठी पुन्हा वर्गणी मागितली गेली तेव्हा सर्वसाधारण सभेत एका तरुणाने विचारले, "पहिल्या पैशांचे काय झाले?" प्रश्न वावगा नव्हता. त्यावेळी उत्तर देण्यास सभेत आकडा नव्हता. आम्ही इतर सहाजण मान खाली घालून बसलो. कुजबुज सुरू झाली. गुरुजी पुढच्या सभेला आले नाहीत आणि नंतरही आले नाहीत.

२०१३ साली पेटीतील सर्व कागदांवरून रीतसर हिशेब तयार करून तपासून घेतला. रुपयाचाही फरक निघाला नाही. आम्ही तो घेऊन गुरुजींच्या घरी गेलो. त्यांनी चष्मा लावून शेवटचे पान पाहिले आणि एवढेच म्हणाले, "हे दीड वर्षापूर्वी वाचून दाखवायला हवे होते." यावर आमच्याकडे उत्तर नव्हते. हिशेब पहिल्या दिवसापासून चोख होता. चुकले ते इतकेच की तो वेळेवर मांडला गेला नाही. समाप्तीची हेळसांड झाली की प्रामाणिक माणसावरच पहिला संशय येतो, हा धडा आम्हाला महाग पडला.

३. रीतसर समाप्तीच्या पायऱ्या

वरील अनुभवानंतर आम्ही समाप्तीच्या कामाची एक यादी तयार केली. ती येथे क्रमाने देत आहोत.

(अ) पूर्णता तपासणे

काम करून देणारा आणि काम घेणारा या दोघांनी मिळून, हातात करार आणि नकाशा घेऊन, सर्व कामाची पाहणी करावी. राहिलेल्या कामांची यादी करावी. तिचे दोन भाग करावेत : जी कामे झाल्याशिवाय वापर सुरू करताच येणार नाही ती, आणि जी वापर चालू असतानाही करता येतील ती. दाराचा रंग राहिला असेल तर तो दुसऱ्या भागात जाईल. विजेची अर्थिंग राहिली असेल तर ती पहिल्याच भागात गेली पाहिजे. प्रत्येक कामापुढे कोण करणार आणि केव्हापर्यंत, हे लिहावे. पहिला भाग निरंक झाल्यावर दोघांनी सह्या करून पूर्णत्वाची तारीख घालावी. दोषदायित्वाची मुदत याच तारखेपासून मोजावी. आमच्या समितीने हा एक कागद केला असता तर गच्चीचा वाद उद्भवलाच नसता.

ही पायरी वगळण्याचा परिणाम किती भीषण होऊ शकतो हे महाराष्ट्राने पाहिलेले आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, त्याच्या लोंढ्याने खडकवासल्याचे धरणही फुटले आणि पुणे शहरात हाहाकार उडाला. धरणाची काही कामे पुरी व्हावयाची असतानाच त्या पावसाळ्याचे पाणी त्यात साठले होते. दुर्घटनेच्या कारणांची चर्चा पुष्कळ झाली आहे. तिच्या तपशिलात येथे जाण्याचे कारण नाही. आपल्यापुरता बोध असा की, 'जवळजवळ पूर्ण' आणि 'पूर्ण' यांतील अंतर कागदावर बोटभर दिसत असले तरी प्रत्यक्षात ते फार मोठे असू शकते.

(ब) कायदेशीर पूर्तता

भिंती उभ्या राहिल्या म्हणजे इमारत कायद्याने पूर्ण होत नाही. नियोजन प्राधिकरणाच्या हद्दीत असेल तर भोगवटा प्रमाणपत्र घ्यावे लागते. वीज, पाणी, मालमत्ता कर यांच्या नोंदी संस्थेच्या नावे कराव्या लागतात. बांधकामासाठी घेतलेली तात्पुरती वीजजोडणी बंद करून तिची अनामत परत मागावी लागते. संस्था सार्वजनिक न्यास असेल तर मिळकतीतील बदलाची नोंद धर्मादाय कार्यालयात करावयाची असते. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या कलम २२ अन्वये बदल अहवाल ९० दिवसांत सादर करणे अपेक्षित आहे.

या पायरीकडे दुर्लक्ष झाल्याचे सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे आपल्या शहरांतील गृहनिर्माण संस्था होत. सदनिका विकून झाल्यावर विकासकाने जमीन व इमारत संस्थेच्या नावे करून द्यावी, असे १९६३ च्या महाराष्ट्र सदनिका मालकी अधिनियमात, म्हणजे ज्याला आपण मोफा म्हणतो त्यात, सांगितलेले आहे. तरीही असंख्य संस्थांना वर्षानुवर्षे अभिहस्तांतरण मिळाले नाही. घरात माणसे राहू लागली, मुले मोठी झाली, पण पायाखालची जमीन दुसऱ्याच्याच नावावर राहिली. अखेर २००८ साली कायद्यात दुरुस्ती करून मानीव अभिहस्तांतरणाची सोय करावी लागली. विकासकाने समाप्तीचे काम टाळले तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊन ते पूर्ण करून घेण्याचा हा मार्ग होय. पुढे २०१६ च्या स्थावर संपदा अधिनियमाने, म्हणजे रेराने, ताबा दिल्यापासून पाच वर्षांत आढळलेले बांधकामाचे दोष विनामूल्य दूर करण्याची जबाबदारी प्रवर्तकावर टाकली. ताबा दिला म्हणून जबाबदारी संपत नाही, हेच तत्त्व येथे कायद्याने मान्य केलेले आहे.

(क) पैशाचा निकाल

धावती देयके देत जाणे सोपे असते. अंतिम देयक हे खरे हिशेबाचे काम असते, कारण त्यात वाढलेली व वगळलेली सर्व कामे धरावी लागतात. एक उदाहरण घेऊ. मूळ करार २०,००,००० रुपयांचा आहे. जादा कामे ६४,००० रुपयांची झाली आणि २३,००० रुपयांची कामे वगळली. अंतिम मूल्य २०,४१,००० रुपये झाले. धावत्या देयकांतून १८,५०,००० रुपये दिलेले आहेत. म्हणजे १,९१,००० रुपये देणे उरले. मूळ कराराच्या पाच टक्के, म्हणजे १,००,००० रुपये, दोषदायित्वाची मुदत संपेपर्यंत राखून ठेवायचे ठरले असेल तर आज ९१,००० रुपये द्यावेत. करकपात वेगळी धरावी. हा हिशेब मोजमाप पुस्तिकेतील नोंदींशी ताडून पाहावा आणि त्यावर ठेकेदाराची 'मान्य' अशी सही घ्यावी.

येथे दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. पहिली अशी की, राखून ठेवलेली रक्कम मुदतीपूर्वी देऊ नये. दुसरी गोष्ट तितकीच महत्त्वाची आहे. मुदत संपल्यावर, दोष नसल्यास, ती एक दिवसही अडवू नये. कष्टाचे पैसे अडवून ठेवणारी संस्था आणि काम अर्धवट टाकणारा ठेकेदार यांत नैतिकदृष्ट्या फारसे अंतर नाही. ठेकेदाराच्या हाताखालच्या मजुरांची शेवटची मजुरी चुकती झाली किंवा नाही, याचीही चौकशी करून मगच अंतिम देयक द्यावे.

यानंतर जमा-खर्चाचे एक पानी पत्रक करावे. किती जमले, कशावर किती गेले, किती उरले, शिल्लक कोणत्या खात्यात आहे. ते तपासून घेऊन सर्वसाधारण सभेत वाचून दाखवावे आणि सूचनाफलकावर लावावे. पन्नास रुपये देणाऱ्या बाईलाही ते वाचता आले पाहिजे. वस्तुरूपाने आलेल्या देणग्या, म्हणजे पंखे, खुर्च्या, कपाटे, यांची नोंद जडवस्तू संग्रह नोंदवहीत दात्याच्या नावासह करावी.

(ड) कागद आणि माहिती सुपूर्द करणे

काम मूळ नकाशाबरहुकूम क्वचितच होते. म्हणून प्रत्यक्ष झाले तसे दाखविणारा नकाशा शेवटी काढून घ्यावा. जमिनीखालच्या व भिंतीतल्या वाहिन्या बुजविण्यापूर्वी त्यांची छायाचित्रे घ्यावीत, जवळ मोजपट्टी ठेवून. आज प्रत्येकाच्या खिशातल्या भ्रमणध्वनीत ही सोय आहे. मात्र ती छायाचित्रे एखाद्याच्या भ्रमणध्वनीत न राहता संस्थेच्या दप्तरी जावीत.

जगातील मोठमोठ्या प्रकल्पांनाही या बाबतीत ठेच लागलेली आहे. माणसाला चंद्रावर नेणाऱ्या सॅटर्न-पाच या अग्निबाणाच्या पहिल्या टप्प्यात एफ-वन जातीची पाच इंजिने असत. २०१३ च्या सुमारास नासाच्या हंट्सव्हिल येथील मार्शल केंद्रातील तरुण अभियंत्यांनी ते इंजिन समजून घेण्यासाठी एक जुने इंजिन सुटे केले. रेखाचित्रे जपून ठेवलेली होती. पण त्या काळच्या कुशल कारागिरांनी जोडकाम करताना हाताने केलेले लहानमोठे फेरफार त्या रेखाचित्रांत नव्हते. शेवटी प्रत्यक्ष सुट्या भागांची मोजमापे घेऊन ते जाणून घ्यावे लागले. आमच्या मिस्त्रीने खडक चुकवून वळविलेल्या वाहिनीची गोष्ट आणि ही गोष्ट, प्रमाण सोडले तर एकच आहे. हाताला जे ठाऊक असते ते कागदावर उतरवून घेतले नाही तर हाताबरोबरच निघून जाते.

दुसरे उदाहरण ऑस्ट्रेलियातील सिडनी ऑपेरा हाउसचे. त्याचे वास्तुकार योर्न उत्झोन यांनी १९६६ साली, वाद विकोपाला गेल्यामुळे, काम अर्ध्यावर सोडले. इमारत इतरांनी पूर्ण केली आणि १९७३ साली तिचे उद्घाटन झाले. पुढे इमारतीत फेरफार करण्याची वेळ आली तेव्हा मूळ कल्पना काय होती हा प्रश्न पुढे आला. १९९९ मध्ये पुन्हा उत्झोन यांच्याशीच संधान बांधण्यात आले आणि २००२ मध्ये त्यांची रचनातत्त्वे ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. उद्घाटनानंतर एकोणतीस वर्षांनी हे कागद हाती आले. उत्झोन हयात होते आणि त्यांच्या मनात कटुता उरली नव्हती, म्हणून हे शक्य झाले. प्रत्येक संस्थेला एवढे दैव साथ देईलच असे नाही.

सुपूर्द करावयाच्या गोष्टींत कागदांबरोबर किल्ल्या, हमीपत्रे, पंपाची माहितीपुस्तिका, प्लंबर व वायरमन यांचे पत्ते या गोष्टीही याव्यात. घेणाऱ्याला समोर उभे करून पंप कसा चालू करायचा, मेन स्विच कोठे आहे, टाकी केव्हा धुवायची हे एकदा करून दाखवावे. मग त्याच्याकडून ते करवून घ्यावे. आपण नसताना ज्याला ते करता येईल त्यालाच खरा ताबा मिळाला असे म्हणता येईल.

(इ) माणसांची पाठवणी

प्रकल्पावर राबलेली माणसे समाप्तीनंतर दुसरीकडे जातात. त्यांना तसेच जाऊ देऊ नये. रखवालदार, मिस्त्री, सुपरवायझर यांना कामाचा दाखला द्यावा. पुढचे काम मिळण्यास तो उपयोगी पडतो. शाल-श्रीफळ समितीलाच मिळते आणि वीट वाहणारी बाई मांडवाबाहेरच राहते, हे आपल्यासारख्यांच्या संस्थांत तरी घडू नये.

(ई) अनुभवाची नोंद

शेवटची बैठक केवळ अनुभवासाठी घ्यावी. तीन प्रश्न पुरेसे आहेत. काय ठरविल्याप्रमाणे झाले? काय झाले नाही, आणि का? पुढच्या समितीने काय करावे? ही बैठक आरोपांची होऊ नये म्हणून माणसांची नावे न घेता घटनांविषयी बोलावे. 'अमक्याने सिमेंट उशिरा आणले' असे न लिहिता 'सिमेंटची मागणी आठ दिवस आधी नोंदवावी' असे लिहावे. दोन पानांची ही टिपणी पुढच्या पिढीस कोणत्याही कोनशिलेपेक्षा अधिक उपयोगी पडते.

(उ) विसर्जनाचा ठराव

सर्वांत शेवटी समिती विसर्जित करावी. ठरावाचा मसुदा साधारण असा असावा : "बांधकाम समितीने सादर केलेले पूर्णत्वाचे पत्रक, तपासलेला जमा-खर्च व ताबापत्र ही सभा मान्य करीत आहे. सोबतच्या यादीतील शिल्लक कामांची जबाबदारी कार्यकारी मंडळाने स्वीकारली आहे. बांधकाम समिती आजपासून विसर्जित करण्यात येत आहे व तिच्या सभासदांना जबाबदारीतून मुक्त करण्यात येत आहे." या शेवटच्या शब्दांना फार मोल आहे. गुरुजींना शालीपेक्षा या एका वाक्याची गरज होती.

४. अर्धवट सुटलेला प्रकल्प

काही प्रकल्प पुरे होत नाहीत. निधी आटतो, जागेचा वाद निघतो, गरजच उरत नाही. अशा वेळी तो प्रकल्प कोणी बंद करीत नाही. तो नुसता थांबतो. चार खांब गंजत उभे राहतात आणि बँकेत थोडे पैसे पडून राहतात. अपुऱ्या प्रकल्पाचीही समाप्ती तेवढ्याच रीतीने झाली पाहिजे. का थांबवीत आहोत हे लिहावे, झालेल्या कामाचे मोजमाप करावे, देणी द्यावीत, उरलेल्या निधीचे काय करावयाचे हे देणगीदारांना विश्वासात घेऊन व कायद्यास धरून ठरवावे. प्रकल्प बंद करण्यात कमीपणा नाही. न सांगता सोडून देण्यात आहे.

५. समाप्तीची तयारी आरंभीच

वरील सर्व कामे शेवटच्या आठवड्यात करावयाची म्हटली तर ती होत नाहीत, कारण त्या आठवड्यात सगळ्यांचे लक्ष निमंत्रणपत्रिकेकडे असते. म्हणून पूर्णता कशाला म्हणावयाचे, राखीव रक्कम किती व केव्हा द्यावयाची, कोणते कागद कोणी द्यावयाचे हे पहिल्याच करारात लिहावे. अंदाजपत्रकात समाप्तीच्या कामासाठी थोडी रक्कम आणि वेळापत्रकात किमान एक महिना ठेवावा. ताबा कोण घेणार ते नाव आधीच ठरवून त्या माणसाला अधूनमधून कामावर बोलवीत जावे.

आणखी एक गोष्ट सुचवावीशी वाटते. समाप्तीनंतर एक वर्षाने कार्यकारी मंडळाने पुन्हा पाहणी करावी. आता प्रश्न इमारतीचा नसून हेतूचा असावा. अभ्यासिका बांधली, पण तेथे मुले बसतात काय? संध्याकाळी दिवे लागतात काय? मुलींना तेथे येणे सोयीचे वाटते काय? काम वेळेत व खर्चात झाले, परंतु त्याचा उपयोग झाला नाही, तर त्या प्रकल्पाला यशस्वी म्हणता येणार नाही.

६. समारोप

२०१८ साली त्याच अभ्यासिकेत पुस्तके, टेबले आणि संगणक यांची सोय करण्याचा लहानसा प्रकल्प आम्ही हाती घेतला. या वेळी समाप्तीची यादी पहिल्याच बैठकीत भिंतीवर लावली. काम पुरे झाल्यावर पाहणी झाली, यादीवर सह्या झाल्या, हिशेबाचे पान फलकावर लागले आणि तीन आठवड्यांनी भरलेल्या सभेत समिती विसर्जित झाली. त्या सभेला आम्ही गुरुजींना मुद्दाम रिक्षाने घेऊन आलो. जमा-खर्च वाचून झाल्यावर अध्यक्षांनी विचारले, "कोणाला काही विचारायचे आहे?" कोणीच काही विचारले नाही. गुरुजी हळूच म्हणाले, "आता घरी जायला हरकत नाही."

वाचक बंधू-भगिनींनो, आपल्या संस्था श्रीमंत नाहीत. त्या लोकांच्या विश्वासावर चालतात आणि हा विश्वास प्रत्येक प्रकल्पाच्या शेवटी पुन्हा मिळवावा लागतो. आपल्या वस्तीत, कचेरीत किंवा घरी जे काम 'झालेच आहे' म्हणून पडून आहे त्याचे एखादे तरी देणे, एखादी तरी नोंद, एखादी तरी किल्ली या महिन्यात योग्य हाती पोहोचवावी, एवढीच या लेखाच्या निमित्ताने आम्ही विनंती करतो.